दिवा जवळ, दिवा लांब



प्रकाशसंश्लेषणाचा एक प्रयोग बहुतेक शाळांत होतो. चंचुपात्रातल्या पाण्यात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या काड्या, त्यांवर उलटे नरसाळे, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवले की नळीत वायू जमतो. त्यात धुमसती काडी धरली की ती पेटते. मग मुले आकृती काढतात आणि तास संपतो. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रयोग इथे संपवू नका. झाडाला प्रकाश लागतो एवढेच यातून कळले. प्रकाश वाढवला तर झाडाचे काम किती वाढते, हे मुलांनी स्वतः मोजायला हवे.

यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ राहून पाचशेवर प्रयोग केले. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात, हे त्याने पाहिले. पण ऊन म्हणजे उजेडही आणि ऊबही. यातले काम कोणाचे? उजेडाचे, असा निर्वाळा त्याने दिला. वर्गातही ही काळजी घ्यावीच लागते. साधा दिवा तापतो, पाणीही तापवतो. म्हणून दिवा आणि वनस्पती यांच्यामध्ये पाण्याने भरलेले सपाट काचेचे भांडे ठेवावे, किंवा सरळ एलईडी दिवा घ्यावा.

मोजणी सोपी आहे. नरसाळे काढून टाका. हायड्रिलाची ताजी काडी पाण्याखालीच तिरकी कापा आणि कापलेले टोक वर ठेवून बुडवा. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा तुटवडा पडणार नाही. खोलीत अंधार करा. दिवा १० सेंटीमीटरवर ठेवा, पाच मिनिटे थांबा, मग मिनिटाला किती बुडबुडे सुटतात ते मोजा. नंतर दिवा २० वर, ४० वर. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होईल, असे मुलांना वाटते. होतो मात्र चौथा हिस्सा, आणि ४० वर सोळावा. इथे भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र एकाच वहीत येतात, आणि मला हा तास फार मोलाचा वाटतो.

दिवा खूप लांब नेला की उजेड दिसत असूनही बुडबुडे थांबतात. झाड बंद पडलेले नसते. तयार होणारा थोडासा ऑक्सिजन त्याच्याच श्वसनात खर्च होतो, काही पाण्यात विरघळतो.

आता उलट दिशेने या. दिवा जवळ आणत गेले की बुडबुडे वाढतात, पण एका टप्प्यानंतर वाढत नाहीत. आलेखाची रेघ आडवी होते. नेमके इथेच मुले घाबरतात. आपले चुकले असे समजून आकडे बदलतात, रेघ वर चढवतात. कृपा करून ती आडवीच राहू द्या! पाण्यात आणखी थोडा सोडा घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला, तर अडत होते ते प्रकाशावाचून नव्हे, कार्बन डायऑक्साइडवाचून. ज्या घटकाची सर्वांत जास्त टंचाई, तोच वेग ठरवतो, हे ब्लॅकमन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मांडले. आपल्या मुलांना ते त्यांच्याच आकड्यांतून सापडते.

बुडबुडे सारखे नसतात, लहान-मोठे असतात, आणि त्यांत निव्वळ ऑक्सिजनही नसतो. म्हणून प्रत्येक अंतरावर तीनदा मोजून सरासरी काढावी, तरी हे माप ढोबळच राहील. याच हायड्रिलावर कोलकात्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी काम केले. बुडबुडा सुटला की त्याची आपोआप नोंद होईल, असे उपकरण त्यांनी घडवले आणि १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर ग्रंथ लिहिला. शाळेत तसे उपकरण नसले तरी चालेल. दोन मुले एकाच वेळी मोजू देत, तिसऱ्याने घड्याळ पाहावे. आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दोन्ही वहीत लिहावेत.