बॉक्सशिवाय टीव्ही : उघड्या सिग्नलवरचा आपला हक्क



आजचा विषय प्रत्येकाच्या घरातला आहे. आपण हजारो रुपये मोजून टीव्ही आणतो, भिंतीला लावतो, बटण दाबतो आणि पडद्यावर येतं ‘नो सिग्नल’. मग केबलवाल्याला फोन, नाहीतर डिशवाल्याला. तो बॉक्स आणून देतो, तेव्हा कुठं चित्र दिसतं. आपल्याला याची इतकी सवय झाली आहे की बॉक्स हा टीव्हीचाच एक भाग वाटतो. पण आजही बरीच चॅनल कुठलंही कुलूप न लावता, सगळ्यांसाठी सोडली जातात. ती थेट टीव्हीत का उतरत नाहीत? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. यात तंत्राची अडचण नाही. अडचण नियमांची आणि व्यापाराची आहे, आणि म्हणूनच ती दूर करता येण्यासारखी आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मराठवाड्यात चित्र पोचायला पुढं बरीच वर्षं गेली. पण आपल्या शेजारी, तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या खेड्यांत, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर थेट उपग्रहावरून टीव्ही दिसत होता. ‘साइट’ नावाचा तो प्रयोग. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह, इस्रोची यंत्रणा, सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी. पैसे भरले नाहीत म्हणून चित्र बंद करायचं, हा विचारच त्यात नव्हता. शेती, आरोग्य, शिक्षण हे सगळं उघड्यावर होतं, सगळ्यांसाठी.

मग आपल्याकडं दूरदर्शनच्या अंबाजोगाईच्या मनोऱ्याचा काळ आला. गच्चीवर अँटेना, तिची चपटी वायर थेट टीव्हीत. वारं सुटलं की चित्राला मुंग्या यायच्या, पण बॉक्स नव्हता. नव्वदच्या दशकात केबल आली. १९९१ मध्ये स्टार, १९९२ मध्ये झी, १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. केबलवाला खांबावरून काळी वायर आणायचा, ती टीव्हीच्या मागं खोचायची, ‘ऑटो सर्च’ मारायचं, आणि चॅनल एकामागून एक येऊन बसायची. तेव्हाही बॉक्स नव्हता.

त्या व्यवस्थेत दोष होते, ते लपवण्याचं कारण नाही. अ‍ॅनालॉग केबलमध्ये एका चॅनलला जेवढी जागा लागते, तेवढ्यात डिजिटल पद्धतीनं दहाहून जास्त चॅनल बसतात. शिवाय एका गावात नेमकी जोडण्या किती, हे चॅनलवाल्याला कळत नव्हतं आणि करखात्यालाही. म्हणून २०११ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्यात दुरुस्ती झाली. मुंबईसारख्या महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. पुणे, नागपूर, औरंगाबाद, सोलापूर अशा शहरांसाठी ३१ मार्च २०१३. उरलेली शहरं आणि आपल्यासारखी गावं तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात आली. कोर्टकज्जे झाले, मुदती वाढल्या, आणि ३१ मार्च २०१७ ही शेवटची तारीख ठरली. जुनी वायर तीच राहिली, पण तिच्या टोकाला बॉक्स आला.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळा घोळ इथं आहे. त्या दुरुस्तीनं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या. एक म्हणजे सिग्नल डिजिटल करणं. दुसरी म्हणजे सिग्नल कुलूपबंद करणं. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे या नव्या यंत्रणेत सिग्नल सांकेतिक रूपातच जायला हवा. म्हणजे चित्राचे आकडे आधी विस्कटायचे, आणि ते जुळवण्याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलत राहायची. ती किल्ली उघडण्याचा अधिकार बॉक्समधल्या कार्डात किंवा चिपमध्ये असतो. आपण म्हणतो, ‘डिजिटल झालं म्हणून बॉक्स लागतो.’ तसं नाही. आज बाजारातल्या कितीतरी टीव्हींत डिजिटल केबल वाचणारा ट्यूनर कंपनीकडूनच बसवून येतो. बॉक्स लागतो तो कुलपासाठी.

हे तोंडी सांगून पटणार नाही, म्हणून हा टीव्ही टेबलावर आणून ठेवला आहे. पुढच्या रांगेतल्या मुलांनो, जवळ या. याच्या मागं दोन गोल खोबणी आहेत. एकीवर अँटेना-केबल असं लिहिलंय, दुसरीवर सॅटेलाइट. आधी पहिलीत गावातल्या केबलची वायर लावतो, मध्ये बॉक्स न ठेवता. मेनूत ‘डिजिटल केबल’ निवडून सर्च देतो. बघा, आकडा चढतोय आणि चॅनलची नावं एकाखाली एक येताहेत. म्हणजे टीव्हीला सिग्नल कळतोय, नाव वाचता येतंय. आता सह्याद्रीवर बटण दाबतो. पडदा काळा, आणि मध्ये पाटी : ‘स्क्रॅम्बल्ड’. सह्याद्री हे आपल्याच कराच्या पैशावर चालणारं, फुकट चॅनल. दूरदर्शनची ठरावीक चॅनल दाखवणं केबलवाल्यावर कायद्यानंच बंधनकारक आहे. तरीही ते या वायरीत कुलपात आहे.

हे कुलूप उघडायला किती पडायचे? २०१९ च्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, नियमांत पहिल्या शंभर चॅनलसाठी जोडणी-शुल्क १३० रुपयांपर्यंत होतं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. एकही पैशाचं चॅनल घेतलं नाही, तरी हे महिन्याला द्यायचेच. २०२४ मध्ये तर या शुल्कावरची मर्यादाही उठली. वायर टाकणं, ती दुरुस्त ठेवणं याचे पैसे केबलवाल्याला मिळालेच पाहिजेत. तो आपल्याच गावचा माणूस आहे, पावसापाण्यात खांबावर चढतो. पण वायरीचं भाडं वेगळं आणि फुकट चॅनलला कुलूप घालणं वेगळं.

आता दुसरी वायर लावतो. ही वर गच्चीवरच्या छत्रीतून आली आहे. ही छत्री डीडी फ्री डिशची. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावानं सुरू झाली, कारण मनोऱ्यांचा सिग्नल पोचत नाही अशी लाखो घरं उरली होती. आज सरकारच्याच सांगण्याप्रमाणे देशात ४ कोटींहून जास्त घरांत ती आहे. सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या अर्धापुरातून बघितलं तर छत्रीचं तोंड जवळजवळ नेमकं आग्नेयेला, आणि नजर क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. म्हणून आपल्याकडं आग्नेयेला झाड किंवा पाण्याची टाकी आडवी आली, तर छत्रीची जागा बदलावी लागते.

छत्रीच्या तोंडाशी जो डबीएवढा भाग असतो तो एलएनबी. वरून येणाऱ्या लहरी इतक्या बारीक असतात की साध्या वायरीतून त्या खाली उतरत नाहीत. एलएनबी त्यांना वायरीला झेपेल अशा पट्टीत आणतो. त्यासाठी त्याला १३ किंवा १८ व्होल्ट वीज लागते, आणि ती याच वायरीतून टीव्हीकडून वर जाते. म्हणून घरातल्या दोन टीव्हींसाठी केबलचा साधा स्प्लिटर इथं लावू नका. दोन तोंडांचा एलएनबी घ्या.

मेनूत सॅटेलाइट, जीसॅट-१५, एलएनबी ९७५०-१०६००, आणि सर्च. थोडा वेळ लागेल. हं, आलं. हा सह्याद्री, चित्र आणि आवाज दोन्ही. ही डीडी किसान. ही मुलांची शैक्षणिक चॅनल. या टेबलावर बॉक्स नाही, कार्ड नाही, रिचार्ज नाही. आणखी एक फायदा बघा. फ्री डिशच्या जुन्या बॉक्सला नव्या पद्धतीनं दाबून पाठवलेली चॅनल कळत नाहीत. या टीव्हीला दोन्ही पद्धती कळतात.

हे सगळं अर्धापुरात कशाला हवं, असं कुणी विचारेल. आपलं गाव केळीचं आणि हळदीचं. वादळी पावसाचा इशारा, कीड-रोगाचा सल्ला, ‘आमची माती आमची माणसं’ सारखा कार्यक्रम, हे शेतकऱ्यापर्यंत रिचार्ज संपला असला तरी पोचलं पाहिजे. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा २० जुलैपासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ज्या घरात मोबाइल एकच आणि तो बापासोबत शेतात, त्या घरातल्या पोराची शाळा तेव्हा टीव्हीत होती. टीव्हीचं कनेक्शन कापलं, तर शाळाही गेली.

हा हक्काचा प्रश्न आहे, असं मी म्हणतो, त्यालाही आधार आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि त्यांचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपले मराठी. पण याच क्षेत्रात उलटा अनुभवही आला. २००७ च्या कायद्यानं महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खासगी वाहिन्यांनी दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचा असतो. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो सिग्नल दूरदर्शननं स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डिशवरून दाखवावा, केबलवरून नाही. म्हणून तेच दूरदर्शन फ्री डिशवर सामना दाखवतं, आणि केबलवर त्या वेळी दुसराच कार्यक्रम असतो. पैसे भरणाऱ्याला दिसत नाही, न भरणाऱ्याला दिसतं. कायद्याचा अर्थ काहीही असो, सामान्य माणसाला यातून एकच कळतं, ते म्हणजे उघडा, थेट मार्ग हातात असलेला बरा.

मनोऱ्याचा मार्ग मात्र बंद झाला. ३१ मार्च २०२२ पर्यंत सीमेवरची आणि महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणं सोडून दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर थांबवले गेले. नवं डिजिटल मनोरा-प्रसारण मोजक्या शहरांत आलं, मराठवाड्यात औरंगाबादला. नांदेड-लातूरच्या खेड्याला आज उघडा मार्ग उरला तो छत्रीचा. त्याचीही एक खोट आहे. जोराचा पाऊस आला की या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात आणि चित्र अडकतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. छत्री थोडी मोठी घेतली आणि नीट घट्ट बसवली तर हा त्रास कमी होतो.

बाहेरच्या देशांनी काय केलं? अमेरिकेत टीव्हीवाले एकच पट्टी पकडणारे संच विकत होते, आणि दुसऱ्या पट्टीवरची केंद्रं प्रेक्षकांविना बसली होती. १९६२ मध्ये त्यांनी कायदाच केला की विकल्या जाणाऱ्या संचात सगळ्या पट्ट्या पकडणारा ट्यूनर असलाच पाहिजे. पुढं डिजिटल ट्यूनरचीही सक्ती झाली. केबलच्या बाबतीत मात्र २०१२ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं प्राथमिक चॅनलनाही कुलूप घालायला परवानगी दिली, आणि बॉक्सविना चालणाऱ्या लाखो संचांची पंचाईत झाली. जर्मनीत त्याच वर्षी उलटं घडलं. स्पर्धा-नियंत्रकानं दोन मोठ्या वाहिनी-समूहांना, फुकट चॅनलना कुलूप घालण्याच्या संगनमताबद्दल जबर दंड केला, आणि २०१३ पासून ती चॅनल केबलवर उघडी झाली. म्हणजे हे दोन्ही बाजूंनी घडू शकतं. लोक आणि नियंत्रक काय ठरवतात, त्यावर ते अवलंबून आहे.

आपल्याकडं एक चांगली सुरुवात झाली आहे. भारतीय मानक ब्युरोनं आयएस १८११२ : २०२२ हे मानक काढलं, उपग्रह-ट्यूनर आत असलेल्या टीव्हींसाठी. त्यामागचा हेतू हाच की बॉक्सशिवाय उघडी चॅनल दिसावीत. पण मानक आपोआप सक्तीचं होत नाही, त्यासाठी सरकारचा वेगळा आदेश लागतो. दुसरीकडं जुलै २०२४ मध्ये ट्रायनं शिफारस केली की फ्री डिशही टप्प्याटप्प्यानं प्रत्येक ग्राहकाची नोंद ठेवणारी यंत्रणा व्हावी. त्यामागं खासगी वाहिन्यांचं गणित आहे. या वाहिन्या लिलावात जागा घेऊन फ्री डिशवर येतात आणि जाहिरातीवर जगतात. २०१९ मध्ये मोठ्या हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून उठून गेल्या, २०२० मध्ये परत आल्या, २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. त्यांनी यावं की जावं, हा त्यांचा धंदा आहे. पण त्यांच्या हिशेबासाठी सह्याद्रीला, किसानला, मुलांच्या शिक्षणाला किल्ली लागू नये.

म्हणून माझं म्हणणं तीन वाक्यांत मांडतो. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीत उपग्रहाचा आणि डिजिटल केबलचा ट्यूनर सक्तीचा करा. केबलच्या वायरीत दूरदर्शनची चॅनल कुलपाविना सोडा, आणि बाकीच्यांना खुशाल किल्ली लावा. फ्री डिशवर यंत्रणा कुठलीही आली, तरी सार्वजनिक आणि शैक्षणिक चॅनल कायमची उघडी ठेवा.

आणि तुम्ही काय करायचं? पुढचा टीव्ही घ्याल तेव्हा पडदा किती इंची हे विचाराच, पण त्याच्या मागं सॅटेलाइटची खोबण आहे का, आणि ती जीसॅट-१५ पकडते का, हे दुकानातच लावून बघा. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. ते मागणारा तुम्हाला फसवतो आहे. ट्राय निर्णयाआधी जनतेकडून लेखी मतं मागवते. मुंबई-दिल्लीच्या कंपन्या ती न चुकता पाठवतात. पुढच्या वेळी त्या ढिगात अर्धापूरच्या वाचनालयाचं, शाळेचं, शेतकरी गटाचं पत्र असू द्या. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे. कार्यक्रम संपला की याच टेबलाशी बसू.