शिवणयंत्राची सुई

टाके सुटूं लागले, दोरा तुटूं लागला, कीं दोष यंत्राला मिळतो व दुरुस्तीवाल्यास बोलावणें जातें. खरा अपराध पुष्कळदां सुईचा असतो.

ज्या श्रोत्यांच्या घरीं यंत्र आहे त्यांनीं सुयांचें पाकीट पाहावें. त्यावर ९०/१४ असे जोड-आंकडे असतात. एकाच जाडीचीं तीं दोन नांवें: ९० म्हणजे मिलिमीटरचे ९० शतांश, आणि १४ हा जुना क्रमांक. तलम मलमल व रेशीम यांस ६५/९ किंवा ७०/१०, नेहमींच्या सुती पोलक्यास ८०/१२, जाड खादीस ९०/१४, डेनिमसारख्या कापडास १००/१६.

रेशमावर मात्र चूक महाग पडते. सुती कापडावरील सुईचें भोंक बहुधा धुण्यांत मिटतें. दाट रेशमावरचें शिवण उसवली तरी तसेंच राहतें. आईच्या जुन्या शालूचें पोलकें शिवावयाचें असेल तर सुई कोरी घ्यावी, आणि पहिले टाके कातरणीच्या तुकड्यावर घालावे. टोक बोथट असेल तर टाक्यागणिक टप्‌ टप्‌ आवाज येतो व कापडाचा धागा ओढला जातो.

सुईच्या ज्या बाजूनें दोरा ओवतात तिकडे नेढ्यापर्यंत एक बारीक पन्हळ असते. टाका पडतांना दोरा तींत लपला पाहिजे. फार जाड दोरा बाहेर राहून कापडाशीं घासतो, पिंजतो आणि तुटतो. (दुरुस्तीवाल्याची फेरी बहुधा इथेंच वांचते.)

गंजिफ्रॉकाचें कापड फांसांत फांस गुंतवून केलेलें असतें. एक फांस तुटला कीं भोंक पसरतें. त्यास गोलसर टोकाची सुई लावावी. ती फांस न छेदतां बाजूस सारून आंत शिरते.