आडवाटेवरचा रेडिओ

भिवंडीहून अंबाडी-वज्रेश्वरीकडे किंवा माहुलीच्या पायथ्याला निघालेल्या पाच-सात जीप डांबर सोडून मातीत उतरल्या, की एकमेकींच्या नजरेआड व्हायला एक वळण पुरतं. पुढच्या गाडीसमोर ओढ्याचं पाणी वाढलेलं असतं, शेवटची चिखलात रुतलेली असते आणि एकीची खबर दुसरीला नसते. मोबाइलवर भिस्त ठेवावी तर डोंगराच्या कुशीत रेंज जाते. शिवाय सर्वांना एकदम सावध करायचं तर बटण दाबताच बोलता येणारा वॉकी-टॉकीच हवा. तो घेताना बहुतेक जण आधी विचारतात, 'किती वॅटचा?' माझ्या मते हा प्रश्न सगळ्यांत शेवटी यावा.

पाच वॅटचा संच अर्ध्या वॅटच्या संचापेक्षा दहापट ताकदीचा. पण मोकळ्या अवकाशातही अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागते. म्हणजे दहापट ताकदीने पल्ला जेमतेम तिप्पट होतो आणि जमिनीलगत तर दुपटीपर्यंतही पोचत नाही. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटिमीटर लांबीची. ती बहुतांशी सरळ रेषेत जाते; मध्ये कातळाची सोंड आली की वॅट वाढवून फारसं काही साधत नाही. उपयोगी पडते ती उंची. गाडीचा पत्राही लहरी अडवतो, म्हणून गाडी थांबवून, बाहेर येऊन, अँटेना उभी धरून बोलावं. मधली एखादी गाडी चढावर थांबवली, तर ती दोन्हीकडचे निरोप पोचवते.

दुसरी कसोटी कायद्याची. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. मात्र संचाला सरकारी तांत्रिक मान्यता, म्हणजे ईटीए, हवी. संचाचा पट्टा आणि मान्यता यांची माहिती न देता होणाऱ्या ऑनलाइन विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. 'रानात कोण तपासतंय?' असं कुणी म्हणेल. पण कोणत्याही फ्रीक्वेन्सीवर लावता येणारा संच पोलिसांच्या किंवा अग्निशमन दलाच्या संभाषणात अडथळा आणू शकतो, आणि अपघात झाला तर आपल्यासाठी धावून येणारे तेच असतात. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा पर्याय सांगणाऱ्यांचं म्हणणं मात्र वजनदार आहे. त्याचा पल्ला मोठा, मार्ग कायदेशीर. पण त्यासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि गटातले सगळेच चालक तेवढी तयारी करतील असं नाही. जे करतील त्यांनी जरूर करावी.

म्हणून सगळ्या गाड्यांत एकाच पट्ट्याचे, मान्यताप्राप्त, पाण्याला टिकणारे आणि ओल्या हातांनीही बटण सापडेल असे संच घ्यावेत. निघण्याआधी चॅनल जुळवून पाहावा. बोलतानाही शिस्त हवी: बटण दाबून क्षणभर थांबावं, वाक्य संपेपर्यंत सोडू नये. 'ओढ्यात गाडी घालू नका' यातलं शेवटचं 'नका' तुटलं तर अनर्थ होतो. म्हणून आधी 'थांबा' म्हणावं, कारण मागाहून सांगावं. ही सवय लागलेल्या गटाला अर्धा वॅट पुरतो. ती नसलेल्याला पाचही अपुरे पडतात.