स्वादुपिंडाचा कर्करोग बरा होतो का?



गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे शेवटचे वर्ष आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले. बाहेर बातमी आली ती स्वादुपिंडाला सूज आल्याची. पुढे अमेरिकेत उपचार झाले, मग दिल्लीच्या एम्समध्ये. ऑक्टोबरअखेर गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी हा स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे जाहीर केले. ३० जानेवारी २०१९ ला नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला, आणि १७ मार्चला ते गेले. वय अवघे ६३.

तेव्हापासून हे निदान झाले की घरात कुणीतरी म्हणतेच, "पर्रीकर वाचले नाहीत, तिथे आपलं काय?" आज मला या वाक्याविरुद्ध बोलायचे आहे. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते अशी काही माणसेही या वाक्यामुळे हातपाय गाळून घरी बसतात.

आजार भयंकर आहे, हे मी लपवणार नाही. २०२२ मध्ये जगात याचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार मृत्यू. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले जेमतेम १३ जण हयात असतात. पण या १३ मध्ये सगळे एकत्र मोजलेले आहेत. गाठ स्वादुपिंडातच असताना सापडली तर हा आकडा ४४ च्या आसपास जातो. यकृतात, फुप्फुसात पसरल्यावर सापडली तर ३ वर येतो. त्यामुळे "किती टक्के चान्स?" असे कुणी विचारले, की मी आधी सीटी स्कॅन मागतो.

गाठ उशिरा का सापडते? स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवे पडलेले असते. हात लावून कळत नाही. त्याच्या डोक्याच्या भागातून पित्तनलिका जाते. तिथे गाठ झाली तर नलिका दबते आणि कावीळ होते. लघवी गर्द पिवळी, शौच पांढुरके, आणि अंगाला इतकी खाज की माणूस रात्रभर झोपत नाही, पोटऱ्यांवर नखांचे ओरखडे दिसतात. पोट मात्र पुष्कळदा दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून वेळ जातो.

आपल्या नाशिक जिल्ह्यात कावीळ झाली की पहिला माणूस आठवतो तो झाडपाल्याचे औषध देणारा. कुणी नाकात रस पिळतो, कुणी डोक्यावर माळ ठेवतो. ती लांबत खाली उतरली की कावीळ उतरली, असे मानतात. दूषित पाण्याने झालेली कावीळ बहुधा आपोआपच बरी होते, म्हणून या उपायांना यश लाभल्यासारखे दिसते. पण पन्नाशीपुढच्या माणसाची, न दुखता वाढत जाणारी, खाजेची कावीळ माळेने उतरत नाही. तिला त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि सीटी हवा. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पित्ताला वाट करून देणारा स्टेंट टाकायचाच असेल, तर शक्यतो सीटी आधी करून घ्या. स्टेंट पडल्यावर आजूबाजूला सूज येते आणि गाठ कुठपर्यंत आहे ते चित्रात नीट उमगत नाही.

गाठ शेपटीच्या बाजूला असेल तर कावीळ होत नाही. मग पाठीत कळ, उतरणारे वजन, तेलकट शौच. किंवा घराण्यात मधुमेह नसताना पन्नाशीनंतर अचानक साखर वाढते आणि वजन मात्र घटत जाते. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभरात एखाद्यालाच हा कर्करोग निघतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण वजनाचे डॉक्टरांना सांगा. आणि तंबाखू सोडा. बिडी-सिगारेटच नव्हे, चुना लावून दाढेखाली धरलेली तंबाखूही स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे कारण ठरली आहे.

गाठ कोणत्या जातीची, हेही महत्त्वाचे. स्टीव्ह जॉब्ज यांचे उदाहरण लोक देतात, पण त्यांची गाठ संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींची होती. ती जात सावकाश वाढते. निदानानंतर ते आठ वर्षे जगले. नेहमीची जात वेगळी, आक्रमक. पण पित्तनलिका आतड्यात जिथे उघडते त्या तोंडाशीही कर्करोग होतो. तशीच कावीळ, तीच शस्त्रक्रिया, आणि बरे होण्याची शक्यता मात्र बरीच जास्त. नातेवाईक या तिन्हींना एकाच नावाने हाक मारतात आणि एकच निकाल लावून टाकतात.

नेहमीच्या जातीत बरे व्हायचे तर शस्त्रक्रिया लागतेच. निदानाच्या वेळी शंभरातले १५ ते २० रुग्णच त्या टप्प्यात असतात. गाठ आतड्यांच्या मोठ्या रक्तवाहिनीला किती चिकटली आहे, यावर ते ठरते. थोडी चिकटली असेल तर आधी केमो देऊन पुन्हा पाहतात. म्हणून "आत्ता ऑपरेशन होणार नाही" याचा अर्थ दरवेळी "कधीच होणार नाही" असा नसतो.

न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही शस्त्रक्रिया मोठी आहे. स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा काढायचा आणि मग तीन ठिकाणी जोडायचे. स्वादुपिंडाचा जोड गळण्याची भीती उत्तम सर्जनच्या हातूनही राहते. फरक पडतो तो गळती रात्री दोन वाजता ओळखणारे पथक तिथे आहे की नाही याने. पूर्वी या शस्त्रक्रियेत चारातला एक रुग्ण दगावत असे. आज वर्षाला पुष्कळ शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आहे. तेव्हा "वर्षाला अशा किती करता?" हे डॉक्टरांना विचारा. तो उद्धटपणा नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा केमोही बदलला आहे. २०१८ मध्ये फ्रान्स आणि कॅनडातल्या चाचणीचे निष्कर्ष आले. चार औषधांचा केमो घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण ५४ महिन्यांपुढे जगले. एकाच औषधावरच्यांत हा आकडा ३५ महिने होता. हे रुग्ण तब्येतीने टिकून असलेले होते, हे लक्षात ठेवा. अमेरिकेच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांची लहानशी गाठ २००९ मध्ये नेहमीच्या तपासणीत सापडली. शस्त्रक्रियेनंतर त्या अकरा वर्षे जगल्या आणि बहुतेक काळ न्यायासनावर होत्या. शेवटी कर्करोगानेच त्यांना नेले. ही अकरा वर्षे कुठल्या रकान्यात घालायची? मी ती मिळवलेल्या वर्षांत घालतो.

खर्चाची काळजी खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा. परळच्या टाटा रुग्णालयात जायची वेळ आली, तर पंचवटी एक्स्प्रेस दादरला थांबते आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि सोबतच्या माणसांना आसरा देते. ज्यांच्या नावाचा पूल इथे आपल्या गोदाघाटावर आहे, त्याच बाबांची ती पुण्याई.

आता घरच्यांशी थोडे बोलतो. मुलगा दाराबाहेर गाठून म्हणतो, "डॉक्टर, बाबांना सांगू नका. अल्सर आहे म्हणा." मुलाची माया मला कळते. पण बाबांचे वजन उतरते आहे, शर्ट सैल झाला आहे. त्यांना काही कळत नाही असे समजू नका. त्यांना सातबारावर नावे चढवायची असतील, द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी स्वतः उभे राहून करून घ्यायची असेल, केमो घ्यायचा की नाही हे स्वतः ठरवायचे असेल. खोटे सांगितले की हे सारे त्यांच्या हातून जाते.

आजार पसरलेला असला तरी करण्यासारखे पुष्कळ असते. पचत नसेल तर पाचकरसाच्या कॅप्सूल मिळतात, त्या जेवायला बसताना घ्यायच्या, मागाहून नाही. पाठीतली कळ सुईने मज्जातंतू बधिर करून कमी करता येते. मॉर्फिनची गोळी लिहून दिली की नातेवाईकांचा चेहरा पडतो, आता शेवट आला असे त्यांना वाटते. तसे नसते. केमो चालू असतानाही ती देतात, कारण दुखणे थांबले की माणूस झोपतो, दोन घास खातो आणि पुढचा केमो झेपेल इतपत वजन टिकवून धरतो.