नौकेतील न्हाणीघर



आजचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. लहान शिडाची नौका, आणि तीतही न्हाणीघर! या सभेत अशी नौका विकत घेणारे किती निघतील, हे मी विचारीत नाही. परंतु अपुऱ्या जागेत राहावयाचे ठरविल्यावर माणसाला काय सोडता येते आणि काय मुळीच सोडता येत नाही, याची इतकी कसून परीक्षा दुसरीकडे क्वचितच होत असेल.

प्रथम मापे सांगतो. युरोप-अमेरिकेतील मध्यम स्थितीची कुटुंबे आठ-पंधरा दिवसांच्या सफरीसाठी जी नौका घेतात, ती साधारणतः २६ ते ३२ फूट लांब व ८ ते १० फूट रुंद असते. आपल्या मुंबईत बांधलेली ‘सुहेली’ सुमारे ३२ फुटांचीच. तीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. एवढ्या जागेत निजावयाचे, रांधावयाचे, इंजिन ठेवावयाचे, पाणी व शिधा भरावयाचा. उरलेल्या कपाटाएवढ्या खणात शौचकूप आणि स्नान ही दोन्ही बसवावयाची.

इंग्रज खलाशी या जागेला ‘हेड’ म्हणतात. जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशांची सोय नाळेपुढील जाळीवर असे. वारा बहुधा मागून येई, म्हणून दुर्गंधी पुढे निघून जाई आणि लाटा जागा धुऊन काढीत. जहाजाचे मस्तक ते हेड. नाव राहिले, आणि कित्येक लहान नौकांत जागाही नाळेजवळच राहिली. आता गंमत पाहा. समुद्रात सर्वांत जास्त वरखाली होते ती नाळच. ज्याला आधीच मळमळत आहे, त्याला नेमके तेथेच जाऊन बसावे लागते. म्हणून न्हाणीघर जिन्याच्या पायथ्याशी, सुकाणूच्या बाजूस असेल तर ते लहान असले तरी अधिक चांगले. तेथे हेलकावा कमी, आणि पावसात भिजून खाली उतरलेल्याला आपले ओले कपडे तेथेच टांगता येतात.

खरीददार बंदरात नौका पाहावयास जातो, दार उघडतो आणि म्हणतो, “फारच अरुंद!” तो म्हणतो ते खरे, पण तो उभा आहे स्थिर नौकेवर. शिडात वारा भरला की हीच नौका वीस अंशांनी कलते. मग ऐसपैस न्हाणीघरात माणूस या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतो, आणि अरुंद न्हाणीघरात दोन्ही खांदे भिंतींना टेकून तो सुखरूप बसतो. समुद्रावर अरुंदपणा हा पुष्कळदा दोष नसून आधार असतो. तेव्हा फूटपट्टी खिशात ठेवावी, आत जाऊन दार लावावे आणि बसून पाहावे. गुडघे दाराला लागतात काय? उठताना डोके आपटते काय? हाताला धरावयास भक्कम मूठ आहे काय? विजार वर ओढताना कोपर कोठे जाते? दार बाहेर उघडते काय? कारण आत कोणी घेरी येऊन पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. घरातील उंच माणसाने आणि वयस्क माणसाने, दोघांनीही ही परीक्षा घ्यावी.

स्नानाची गोष्ट आपणांस नवी नाही. खालची जमीन सगळी भिजते, पाणी मोरीत जाते. तीच आपली न्हाणी. फरक एवढाच की येथे मोरीतील पाणी पंपाने बाहेर टाकावे लागते. नौकेत गोडे पाणी मोजके असते. तेथे नळाच्या फवाऱ्यापेक्षा लहान बादली आणि तांब्या कितीतरी शहाणा. पाच लिटरांत अंग स्वच्छ होते.

आता डोळ्यांना न दिसणारा भाग. शौचकूप पुष्कळदा बाहेरील पाण्याच्या पातळीखाली असते. समुद्राचे पाणी आणणाऱ्या नळीला उंच कमान आणि कमानीच्या माथ्याला हवेची झडप नसेल, तर पाणी आपोआप आत ओढले जाऊन बांधून ठेवलेली नौकादेखील बुडू शकते. म्हणून तोट्या हाताला सहज लागतात की नाही, हे आरशाच्या आधी पाहावे. शिवाय मैला कोठेही सोडता येत नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास बंदी आहे. स्वीडननेही २०१५ पासून सहलीच्या नौकांना अशी बंदी केली. म्हणजे टाकी आली. चार माणसे, प्रत्येकी दिवसातून पाच वेळा, दर वेळी दोन लिटर पाणी धरा. दिवसाचे चाळीस लिटर झाले. पन्नास लिटरांची टाकी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आतच भरणार. म्हणून काही जण पाण्याविना चालणारे, मूत्र वेगळे ठेवणारे शौचकूप बसवितात. त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा वापरतात. आणि लिन व लॅरी पार्डी या जोडप्याने तर आपल्या लहान नौकांतून जगभर फिरताना बादलीवरच भागविले.

मग बादली असेल तर भिंती कशाला, असे कोणी विचारील. येथेच खरा मुद्दा आहे. जागा गैरसोयीची किंवा उघडी असली की माणसे, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणे कमी करतात. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात त्याचा परिणाम लवकर दिसतो. पुरुष रात्री कठड्यावर वाकतात, आणि अंधारात तोल गेलेला माणूस पुन्हा सापडणे कठीण. म्हणून समजूतदार नौकांवर पुरुषांनीही खाली जाऊन बसावे, असा दंडक असतो.

सारांश, लहान नौका निवडताना न्हाणीघर मोठे मिळावे म्हणून निजण्याची जागा किंवा शिध्याचे कपाट सोडू नये. परंतु लावता येणारे दार, हाताला आधार, खेळती हवा आणि भरवशाची तोटी, या चार गोष्टींतील एकही सोडू नये. बाकीची गैरसोय चार दिवसांत अंगवळणी पडते. संकोच मात्र पडत नाही. ज्या नौकेवर सर्वांत संकोची माणूसही निश्चिंतपणे तांब्याभर पाणी पिऊ शकतो, ती नौका कुटुंबाने घ्यावी.