बिऱ्हाडें अनेक, कोठार एक



आजच्या भाषणाचा विषय संगणकाचा आहे हें ऐकून कित्येकांचा हात बटणाकडे वळला असेल. परंतु क्षणभर थांबावें अशी विनंती आहे. बँकेंतील शिल्लक, रेल्वेचें आरक्षण, मुलांच्या परीक्षेचे निकाल, इस्पितळांतील रोग्याचे कागद, ही सारी माहिती आज कोठें ना कोठें एखाद्या संगणकाच्या पोटांत राहते. ती तेथें कशी राहते, कोणाच्या स्वाधीन असते आणि कोणत्या कारणानें नाहींशी होते, हें समजून घेणें केवळ तज्ज्ञांचें काम नव्हे. घरांतील पैसा कोणत्या पेढीवर ठेवला आहे हें जसें कुटुंबांतील प्रत्येक शहाण्या माणसास ठाऊक असावें, तसेंच हें आहे. मी इंजिनियर नव्हे. आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एक शिक्षक. तेव्हां जें सांगावयाचें तें वर्गांत सांगतात त्याच रीतीनें सांगेन.

प्रथम 'कंटेनर' या शब्दाचा उलगडा करूं. न्हावाशेवा बंदराच्या रस्त्यावर लांबलचक मोटारींवर लादलेल्या लोखंडी पेट्या आपण पाहिल्या असतील. २६ एप्रिल १९५६ रोजीं 'आयडियल एक्स' नांवाचें जहाज अशा ५८ पेट्या घेऊन अमेरिकेंतील नेवार्क येथून ह्यूस्टनकडे निघालें, आणि माल वाहण्याची पद्धतिच पालटली. माल्कम मॅक्लीन या वाहतूकदाराची ही योजना. पेटींत चहा आहे कीं यंत्राचे भाग आहेत, याच्याशीं यारीला कर्तव्य नाहीं. पेटीचा आकार ठरलेला असला म्हणजे झालें. हीच कल्पना सॉफ्टवेअरच्या जगांत आली. मार्च २०१३ मध्यें सॉलोमन हाइक्स यांनीं सांता क्लारा येथील एका परिषदेंत अवघ्या पांच मिनिटांच्या भाषणांत 'डॉकर' नांवाचें साधन दाखविलें, आणि तेव्हांपासून ती सर्वतोमुखीं झाली. तिचें बीज मात्र जुनें आहे. एखाद्या प्रोग्रॅमला डिस्कचा एक कोपरा म्हणजेच सारें जग असें भासविण्याची सोय युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तींतच होती.

कंटेनर म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हे. मुंबईच्या चाळी आपल्या परिचयाच्या आहेत. पाया एक, छप्पर एक, नळ एक. परंतु प्रत्येक बिऱ्हाडाचा संसार निराळा. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो ही चाळीची इमारत. आणि त्याच्या आश्रयानें चालणारा प्रत्येक कंटेनर हें एक बिऱ्हाड. मात्र चाळींतील भिंतीपेक्षां येथील भिंत जाड असते. शेजारीं कोण राहतो, तो काय लिहितो, हें आंतल्या प्रोग्रॅमला दिसत नाहीं कीं ऐकूं येत नाहीं. या एकांताचा लाभ असा कीं, एका बिऱ्हाडाचा बिघाड दुसऱ्यास सहसा बाधत नाहीं.

आतां बिऱ्हाडांतील सामानाकडे पाहूं. कंटेनर ज्या सांच्यावरून बनतो त्यास इमेज म्हणतात. इमेज थरांची बनलेली असते, आणि ते थर छापील पुस्तकाच्या पानांप्रमाणें केवळ वाचण्यासाठीं असतात. मग चालूं झालेला प्रोग्रॅम लिहितो कशावर? छापील पानांवर जणूं एक पारदर्शक कागद अंथरलेला असतो, त्यावर. जुन्या फाईलींत फेरफार करावयाचा असेल तर आधीं तिची नक्कल वरच्या कागदावर उतरते आणि फेरफार त्या नकलेंत होतो. खालचें पुस्तक अभंग राहतें. म्हणून एका इमेजवरून दहा कंटेनर निघाले तरी पुस्तक एकच पुरतें, पारदर्शक कागद तेवढे दहा लागतात. युक्ति मोठी काटकसरीची आहे. परंतु कंटेनर काढून टाकला कीं त्याचा कागदहि त्याच्याबरोबर जातो. आणि कंटेनर काढून टाकणें हा येथें नित्याचा व्यवहार आहे. प्रोग्रॅमची नवी आवृत्ति आली म्हणजे जुन्या कंटेनरची डागडुजी करीत कोणी बसत नाहीं. तो मोडून नव्या इमेजवरून नवा उभा करतात.

याचा परिणाम काय होऊं शकतो, यासाठीं माझ्या माहितींतील एका वाचनालयाचें उदाहरण सांगतों. ग्रंथांची सूचि दोघा वृद्ध कार्यकर्त्यांनीं वर्षभर खपून, कडा झिजलेल्या कार्डांवरून संगणकांत उतरविली होती. देवघेवीची नोंदहि तेथेंच होत असे. प्रोग्रॅम एका कंटेनरांत चाले. पुढें देखभाल करणाऱ्या माणसानें नवी आवृत्ति बसविली. जुना कंटेनर गेला, नवा आला. पडदा उजळला आणि सूचि कोरी निघाली. चोरी झाली नव्हती, डिस्क बिघडली नव्हती, यंत्रानें नियमाप्रमाणेंच काम केलें होतें. वर्षाची मेहनत पारदर्शक कागदावर लिहिली गेली होती आणि तो कागद टोपलींत गेला होता. जुनीं कार्डें रद्दींत घातलीं नव्हतीं म्हणून सूचि पुन्हां करतां आली; पण तोंवर त्या दोघांपैकीं एकच कार्यकर्ता हयात होता. कोणीं कोणतें पुस्तक कधीं नेलें, ही नोंद तर कायमची गेली.

यावरचा उपाय म्हणजे व्हॉल्यूम. त्यास आपण कोठार म्हणूं. बिऱ्हाडांच्या खोल्यांबाहेर, परंतु त्याच इमारतींत, एक कोठार बांधावें आणि बिऱ्हाडांतून त्यांत जाण्यास एक दार काढून द्यावें. आंतल्या प्रोग्रॅमला तें आपल्याच घरांतील एक कपाट वाटतें. उद्यां बिऱ्हाड उठलें तरी कोठार जागच्या जागीं राहतें, आणि नव्या बिऱ्हाडास तेंच दार काढून दिलें कीं मागील संसार पुढें चालूं होतो.

कोठारांचे प्रकार तीन. पहिला, नांव दिलेला व्हॉल्यूम. त्याची व्यवस्था डॉकर स्वतः पाहतो. नोव्हेंबर २०१५ मध्यें, डॉकरच्या १.९ या आवृत्तींत, व्हॉल्यूमसाठीं निराळी आज्ञा मिळाली. त्यापूर्वीं मोठी गंमत होती. कांहींहि काम न करणारा एक कंटेनर केवळ किल्ली सांभाळण्यासाठीं ठेवीत, आणि इतर कंटेनरांस सांगत कीं, त्याच्याकडे जीं कोठारें आहेत तींच तुमचीं. दुसरा प्रकार बाइंड माउंट, म्हणजे मूळ संगणकावरील एखादा फोल्डर जसाच्या तसा कंटेनरास जोडून देणें. हें सोयीचें, पण घरमालकाच्या स्वतःच्या खोलींत भाडेकऱ्यासाठीं दार पाडण्यासारखें आहे. तिसरा प्रकार केवळ मेमरींत राहणाऱ्या पाटीचा. कंटेनर थांबतांच ती पुसली जाते, म्हणून गुप्त गोष्ट क्षणभर ठेवण्यास ती बरी.

पहिल्या दोहोंत एक बारीक फरक आहे. इमेजमधील एखाद्या कपाटांत आधींच सामान असून तेथें नवा, रिकामा व्हॉल्यूम जोडला, तर डॉकर तें सामान त्यांत उतरवून घेतो. फोल्डर जोडला तर मात्र मूळचें सामान त्याच्या आड झांकलें जातें. तें नष्ट होत नाहीं. परंतु दिसत नाहीं, आणि नवशिका मनुष्य सारें गेलें म्हणून कपाळाला हात लावतो.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. एकाच कोठारास दोन-तीन बिऱ्हाडांचीं दारें असलीं तर? यंत्र याला हरकत घेत नाहीं, आणि पुष्कळदां हेंच हवें असतें. समजा, एका संस्थेच्या संकेतस्थळावर सभासद छायाचित्रें पाठवितात. एक कंटेनर तीं स्वीकारून कोठारांत ठेवतो, दुसरा तीं वाचकांस दाखवितो, तिसरा रात्रीं त्यांची नक्कल दुसरीकडे नेतो. लिहिणारा एक, वाचणारे दोन. येथें भांडणास जागा नाहीं. मात्र वाचणाऱ्यांस दार देतांना तें केवळ वाचण्यापुरतेंच उघडें ठेवावें. तशी सोय आहे, आणि तिला खर्च कांहींच नाहीं. पाणवठ्यावर भरणाऱ्यास घागर बुडवूं द्यावी, पण बांध फोडण्याचें हत्यार कोणाच्या हातीं देऊं नये.

लिहिणारे दोन झाले कीं संकट सुरू होतें. एका खात्यांत ५०० रुपये आहेत. दोन कारकुनांनीं एकाच वेळीं तो आंकडा वाचला. एकानें १०० मिळवून ६०० लिहिले, दुसऱ्यानें ५० वजा करून ४५० लिहिले. खरी शिल्लक ५५०. वहींत मात्र ज्याचा हात शेवटीं पडला त्याचा आंकडा. दोघेहि प्रामाणिक, दोघांचेंहि गणित बरोबर, आणि वही खोटी! एका खोलींत बसणारे कारकून एकमेकांस 'थांबा' म्हणूं शकतात. येथें तर मधें जाड भिंत आहे.

या भिंतीनें केवढा घोटाळा होतो याचें एक नमुनेदार उदाहरण 'पोस्टग्रेस' या प्रसिद्ध डेटाबेसचें आहे. हा सावध कारभारी कामाला लागतांना कोठारांत एक चिठ्ठी ठेवतो. तींत त्याचा प्रक्रिया-क्रमांक असतो. दुसरा कोणी त्याच कोठारांत काम सुरू करूं लागला तर तो चिठ्ठी पाहतो, त्या क्रमांकाची प्रक्रिया जिवंत आहे असें आढळलें तर माघारी फिरतो. एका संगणकावर ही खूण उत्तम चालते. परंतु प्रत्येक कंटेनरांत क्रमांक पुन्हां एकपासून सुरू होतात, आणि मुख्य प्रोग्रॅमचा क्रमांक बहुधा १ असतो. दुसरा कारभारी चिठ्ठीवर १ पाहतो आणि मनाशीं म्हणतो, 'हा तर माझाच क्रमांक. मागच्या खेपेची चिठ्ठी राहिली असेल.' सामाईक मेमरी तपासण्याची त्याची दुसरी खूणहि भिंतीपलीकडचें पाहूं शकत नाहीं. तो निर्धास्तपणें आंत शिरतो. दोन कारभारी एकाच वहींत लिहूं लागतात आणि वहीचा नाश होतो. जी भिंत संरक्षणासाठीं घातली तीच येथें पहारेकऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी झाली.

म्हणून पहिला नियम असा कीं, डेटाबेसचें कोठार एकाच कंटेनरास द्यावें. इतरांना त्यांतील माहिती हवी असेल तर त्यांनीं कारभाऱ्याच्या खिडकीशीं यावें आणि मागावी. कोठारांत स्वतः शिरूं नये. कोणाची विनंती आधीं, कोणाची मागून, हें ठरविण्याची विद्या त्या कारभाऱ्यापाशीं आहे, कोठाराच्या भिंतींपाशीं नाहीं.

दुसरा नियम साध्या फाईलींचा. अर्धवट लिहिलेली फाईल वाचणाऱ्याच्या हातीं पडूं नये, यासाठीं ती आधीं वेगळ्या नांवानें पूर्ण लिहावी आणि मग तिचें नांव बदलावें. त्याच कोठारांत नांव बदलण्याची क्रिया एका क्षणांत, अखंड होते; वाचणाऱ्यास एक तर जुनी फाईल मिळते किंवा संपूर्ण नवी. पत्र लिहून पुरें झाल्यावरच आपण पेटींत टाकतों, तसाच हा शिरस्ता.

तिसरी गोष्ट मालकीची. कोठारांतील फाईलीवर मालकाचें नांव नसतें, आंकडा असतो. वेबच्या कामासाठीं राखलेला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नांवाचा वापरकर्ता डेबियन लिनक्सवर ३३ क्रमांकाचा. पीएचपीच्या अधिकृत इमेजच्या अल्पाइन प्रकारांत त्याच नांवाचा वापरकर्ता ८२ क्रमांकाचा. दोन बिऱ्हाडांत एकाच नांवाचे दोन गृहस्थ असावेत आणि एकाची किल्ली दुसऱ्यास लागूं नये, तसें होतें. उतावळा मनुष्य मग कोठार सर्वांस मोकळें करून टाकतो. तसें न करतां दोन्हीकडे क्रमांक एक करावा.

अनेक संगणकांवर पसरलेल्या कारभारासाठीं गुगलनें २०१४ सालीं 'कुबरनेटीस' हें साधन जाहीर केलें. तेथें कोठार मागतांनाच सांगावें लागतें कीं, लिहिणारा एक कीं अनेक. परंतु 'एकदांच लिहिणें' या पर्यायांतील एक म्हणजे एक संगणक. त्या संगणकावरील दोन बिऱ्हाडें तरीहि लिहूं शकतात. पुष्कळ जण येथें फसले. खरोखर एकाच गटास मुभा देणारा निराळा पर्याय डिसेंबर २०२३ मधील १.२९ या आवृत्तींत पक्का झाला.

शेवटीं एक इशारा. कोठार बिऱ्हाडापेक्षां दीर्घायुषी असलें तरी अमर नव्हे. 'कंपोज' या साधनानें सारीं बिऱ्हाडें एकदम उठवितांना आज्ञेपुढें 'व्ही' हें एक अक्षर जोडलें कीं कोठारेंहि जमीनदोस्त होतात. शिवाय सामान्यतः कोठार त्याच संगणकाच्या डिस्कवर असतें; डिस्क गेली कीं तेंहि गेलें. तेव्हां व्हॉल्यूम म्हणजे नक्कल नव्हे. नक्कल दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी, आणि ती उघडते कीं नाहीं हें अधूनमधून उघडून पाहावें.

आपण एखाद्या वाचनालयाच्या, सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर असाल, तर संगणकवाल्यास पांच प्रश्न विचारण्यास संकोचूं नका. आमची माहिती कोणत्या कोठारांत आहे? तेथें लिहितो कोण? वाचतात कोण? नक्कल कोठें आहे? आणि ती शेवटची कधीं उघडून पाहिली? या प्रश्नांना इंजिनियरची पदवी लागत नाहीं. प्रोग्रॅम हे भाडेकरू आहेत. ते आज येतील, उद्यां जातील. माणसांनीं डोळे ताणून लिहिलेल्या नोंदी मात्र कुळाच्या दप्तराप्रमाणें पुढच्या पिढीच्या हातीं सुखरूप गेल्या पाहिजेत. भाडेकरूच्या पाठोपाठ दप्तर जाऊं न देणें, एवढीच या सर्व विद्येची मतलबाची गोष्ट आहे.