मुलींनी इंजिनही चालवावे



१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. जिल्ह्याची जुनी मागणी पूर्ण झाली. पण आपल्या मुली त्या गाडीत केवळ प्रवासी म्हणूनच बसणार काय, असा आमचा प्रश्न आहे.

सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या कन्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. १९८९ साली त्या मध्य रेल्वेत सहाय्यक चालक झाल्या. भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक त्याच. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन घाट उतरवून मुंबईस नेली. २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत नेली.

ही पदविका दहावीनंतर तीन वर्षांची आहे आणि बीडलाही शासकीय तंत्रनिकेतन आहे. परंतु आपल्याकडे आईबाप ऊसतोडीला निघाले की वयात आलेल्या मुलीच्या लग्नाची घाई होते. लग्नासाठी सावकाराकडे जाणाऱ्या पालकांना आम्ही बँकेतली माणसे एवढेच सांगू, की ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास तारण लागत नाही.

तेव्हा कर्ज काढायचेच असेल, तर ते मुलीच्या शिक्षणासाठी काढा. लग्न थांबेल, प्रवेशाची तारीख थांबत नाही.